लेकीला फ्लू निघालाय, घरात सासरे सीओपीडीचे, आणि पुढच्या आठवड्यात गणपतीला गावी जायचंय. काय करू?

पावसाळी_पुणेकरीण

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय तेव्हा सांभाळून घ्या. आमची लेक सहा वर्षांची, पहिलीत आहे. परवा शाळेतनं आली तीच अंग दुखतंय म्हणत, रात्री ताप १०२, सकाळी १०३. डॉक्टरांनी नाकातला स्वॉब घेऊन तिथल्या तिथे टेस्ट केली, इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह. टॅमिफ्लूचं, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरच्या औषधाचं, सिरप दिलंय पाच दिवस सकाळ-संध्याकाळ, ताप चढला तर पॅरासिटामॉल, बाकी पाणी-पेज-आराम. वर्गात म्हणे निम्मी बाकं रिकामी आहेत.

तिच्याबद्दल मी फार घाबरलेली नाही, आज जरा हसली पण. घोर आहे तो सासऱ्यांचा. वय ७४, सीओपीडी म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट धापेचा आजार आहे, रोज पंप घेतात, शिवाय डायबेटिस. सासूबाई तशा ठणठणीत पण त्यांना सर्दी झाली की बाबांना होतेच. टू बीएचके फ्लॅट, आणि नात रोज आजी-आजोबांच्या मधे झोपणार, म्हणजे ताप यायच्या आदल्या रात्रीसुद्धा तिथेच होती.

आणि वर गणपती. गुहागरजवळ आमचं जुनं घर आहे, पाच दिवसांचा गणपती असतो, मुंबई-पुणे-ठाणे सगळीकडनं मिळून पंचवीसेक माणसं जमतात, यंदा नणंदेला सातवा महिना आहे ती पण येतेय. बाबा म्हणतात मूर्ती मीच बसवणार, काही झालं तरी जायचंच. नवरा म्हणतो लेकीचा ताप उतरला की निघू. मला कळत नाहीये की ताप उतरला म्हणजे संसर्ग संपला का, बाबांना आत्ता काही औषध सुरू करता येतं का, लस आता देऊन काही उपयोग आहे का, आणि मुळात हे पसरतं कसं, कारण सासूबाईंनी कालपासून डेटॉलने दाराच्या कड्या पुसायला घेतल्यात पण खिडक्या मात्र पावसामुळे सगळ्या बंद. प्लीज नीट सांगा कोणीतरी.


सदाशिव_आजोबा

अहो ताई एवढं काय टेन्शन घेता, पावसाळ्यात सर्दी-ताप चालायचाच. आमच्या वेळी कोण टेस्टा करत होतं. ओवा, कापूर आणि लवंगेची पुरचुंडी करा, हुंगायला द्या सगळ्यांना, रात्री हळद-दूध, गवती चहाचा काढा. तीन दिवसांत पोर उड्या मारेल. देवाचं कार्य आहे, बिनधास्त जा.


रेसिडेंट_ताई

मी बालरोगमध्ये एमडी करतेय, सध्या ओपीडीत रोज हेच बघतोय म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुलीला आणि आजोबांना तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, हे आधीच सांगून ठेवते.

आधी आजोबा, कारण तिथे वेळ महत्त्वाची आहे. त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना आजच्या आज फोन करा, उद्यावर टाकू नका. अशा जोखमीच्या माणसाला लक्षणं नसतानासुद्धा टॅमिफ्लू प्रतिबंधक म्हणून देता येतं, दिवसातून एकदा असं, पण ते संपर्क आल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याला अर्थ असतो. डायबेटिस आहे म्हणजे किडनीचे रिपोर्ट बघून डोस ठरवावा लागतो, म्हणून मनाने नातीच्या बाटलीतलं द्यायचं नाही. आणि डॉक्टर म्हणाले की आत्ता नको, तर एवढं विचारून ठेवा की ताप किंवा खोकला सुरू झाल्या झाल्या काय करायचं. त्यांच्यासारख्या पेशंटला टेस्टचा रिपोर्ट यायची वाट न बघता औषध सुरू करतात, कारण हे औषध पहिल्या दोन दिवसांत जे काम करतं ते पाचव्या दिवशी करत नाही.

आता संसर्ग. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात, साधारण दोन. ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो पसरवायला लागतो, म्हणून त्या रात्री ती मधे झोपली होती ते लक्षात घेण्यासारखं आहेच. मोठ्या माणसात हे पसरवणं लक्षणं सुरू झाल्यापासून पाच-सात दिवस चालतं, त्यातले पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जोराचे. लहान मुलं त्याहून जास्त दिवस पसरवतात. तेव्हा मिस्टरांना सांगा, ताप उतरला की निघू हे गणित चालत नाही. क्रोसिन न देता पूर्ण २४ तास ताप नाही आणि तब्येतही सुधारतेय, हा झाला शाळेत किंवा माणसांत जायचा किमान निकष, आणि त्याच्यापुढेही पाच दिवस मास्क, मोकळी हवा, म्हाताऱ्या माणसांपासून अंतर. क्रोसिन देऊन ताप दाबून शाळेत पाठवणारे आईबाप आम्हाला रोज भेटतात, निम्मी बाकं उगाच रिकामी होत नाहीत.

सदाशिव आजोबा, काढा-हळददूध घ्या की, घशाला बरं वाटतं. पण कापराची पुरचुंडी लहान मुलांच्या हातात देऊ नका. कापूर पोटात गेला तर मुलांना फिट येते, अशी पोरं आम्ही कॅज्युअल्टीला बघितलीत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ही पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो असे मेसेज फिरत होते, त्यात काडीचं तथ्य नव्हतं. वाफ सुद्धा सहा वर्षांच्या मुलीला उकळत्या पातेल्यावर धरून देऊ नका, भाजलेल्या केसेस येतात.

अजून दोन गोष्टी. घरात झिथ्रोची स्ट्रिप पडली असेल तर ती तशीच राहू द्या, विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराची लाट होती तेव्हा आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेने, नोटीसच काढली होती की ताप-खोकल्याला सरसकट अँटिबायोटिक लिहू नका. आणि मुलांना फ्लूमध्ये ॲस्पिरिन म्हणजे डिस्प्रिन वगैरे अजिबात नाही, त्याने क्वचित पण फार वाईट असा मेंदूचा-लिव्हरचा आजार होतो.

धावत यायचं कधी ते पण सांगते: मुलीच्या श्वासाबरोबर बरगड्यांखाली खळगे पडायला लागले, पाणी पीत नाहीये, आठ तासात शू नाही, गळून पडलीये उठवलं तरी उठत नाही. आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे ताप जाऊन मूल खेळायला लागतं आणि दोन दिवसांनी परत सणसणून ताप. तो बऱ्याचदा वरून झालेला न्यूमोनिया असतो. आजोबांच्या बाबतीत धाप नेहमीपेक्षा वाढली, पंप जास्त लागायला लागला, बोलताना असंबद्ध झाले तर थेट हॉस्पिटल.


पावसाळी_पुणेकरीण

ताई खूप खूप धन्यवाद. बाबांच्या डॉक्टरांशी बोलणं झालं, मागच्याच महिन्यातला क्रिएटिनिनचा म्हणजे किडनीचा रिपोर्ट होता तो व्हॉट्सॲप केला, त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, रोज एक. सासूबाईंना सध्या नाही, लक्षणं दिसली तर सांगा म्हणाले.

आता घरातली व्यवस्था कशी करू? दोन बेडरूम, एकीला ॲटॅच्ड टॉयलेट आहे, हॉलला बाल्कनी. आम्ही तिघं एका खोलीत आणि ते दोघं दुसऱ्या खोलीत असं केलंय. पण लेक सारखी दार उघडून आजीकडे पळते. आणि एसी लावला तर हवा शुद्ध होते ना?


एअरफ्लो_चिंचवड

नाही होत. हा माझा प्रांत, मी एचव्हीएसीमध्ये आहे, ऑफिसं आणि हॉस्पिटलांचं डक्टिंग करतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत ओढतो, गार करतो आणि परत खोलीतच सोडतो, बाहेरची हवा एक फुंकर सुद्धा आत आणत नाही. त्याची जाळी धूळ अडवते, विषाणू नाही. छताचा पंखा तर नुसता आहे ती हवा ढवळतो.

करोनाच्या सुरवातीला सगळ्या जगाला सहा फूट आणि सॅनिटायझर एवढंच सांगितलं गेलं, म्हणजे जणू थेंब उडतात आणि जमिनीवर पडतात, विषय संपला. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहिलं की बाबांनो हवेतून पसरतंय, बारीक कण तरंगत राहतात, हवेशीरपणाबद्दल बोला. आपल्याकडे त्यातलं टिकलं काय, तर लिफ्टची बटणं पुसणं. फ्लूचं पण तसंच आहे, जवळ बसलात तर धोका सगळ्यात जास्त हे खरंच, पण बंद खोलीत लांब बसलेला माणूस सुद्धा तीच हवा घेत असतो. खोलीच्या कोपऱ्यात अगरबत्ती लावली की पाच मिनिटांनी दुसऱ्या कोपऱ्यात वास येतो ना, खोकल्या-बोलण्यातले बारीक कण तसेच पसरतात, फक्त त्यांना वास नसतो म्हणून कळत नाही. गोवर तर याचाही बाप आहे, पेशंट खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत हवेत राहतो. फ्लू इतका चिवट नाही, म्हणजेच हवा बदलत ठेवली तर फायदा दिसतो.

आता तुमच्या घराचं. मुलगी त्याच खोलीत ठेवा जिला ॲटॅच्ड टॉयलेट आहे. त्या टॉयलेटचा एक्झॉस्ट फॅन चोवीस तास चालू, टॉयलेटचं दार उघडं, बेडरूमचं दार लावलेलं पण खाली अर्धा-पाऊण इंच फट असतेच ती तशीच ठेवायची, पायपुसणं कोंबायचं नाही. आणि हॉलची बाल्कनी उघडी. मग होतं काय की एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो, तिची जागा घ्यायला हॉलमधली ताजी हवा दाराच्या फटीतून मुलीच्या खोलीत शिरते, आणि तिच्या खोलीतली हवा हॉलमध्ये यायचं कारणच उरत नाही. हॉस्पिटलात आयसोलेशन रूम याच तत्त्वावर करतात, फक्त तिथे आम्ही त्याचे लाखात पैसे घेतो. तपासायचं असेल तर पेटवलेली अगरबत्ती दाराच्या फटीपाशी धरा, धूर खोलीच्या आत ओढला जात असेल तर बरोबर, हॉलकडे येत असेल तर कुठेतरी गडबड आहे. बहुतेक वेळा पंखा धुळीने माखलेला असतो किंवा बाहेरची झडप गंजून अडकलेली असते. अगरबत्ती काम झालं की लगेच विझवा, आजोबांच्या छातीला धूर चालणार नाही, आणि हो गणपतीत सुद्धा धूप-कापूर त्यांच्या नाकाशी नको.

बेडरूमची खिडकी मात्र सताड उघडू नका, कारण वारा त्या बाजूचा असेल तर उलटा आत घुसून हवा हॉलकडे ढकलतो. बोटभर उघडी ठेवा. आजी-आजोबांच्या खोलीची खिडकी उघडी, पाऊस आत येत असेल तर वरचं तावदान तरी.

एअर प्युरिफायर घरात असेल तर मुलीच्या खोलीत ठेवा. नवीन घेणार असाल तर डब्यावर सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती गाळलेली हवा देतं तो आकडा, लिहिलेला असतो तो बघा, बाकी आयन-बियन, यूव्ही, निळा दिवा याला भुलू नका. १२० स्क्वेअर फुटाची खोली, साडेनऊ फूट उंची, म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. सीएडीआर तासाला ३०० घनमीटर असेल तर खोलीतली हवा तासात नऊ वेळा गाळली जाते, तेवढं भरपूर झालं. विकणारे सांगतात तो कव्हरेज एरिया सोडून द्या, तो मनाचा आकडा असतो.


निनावी_अंबरनाथ

प्युरिफायर, एक्झॉस्ट, सीएडीआर... दादा आम्ही वन रूम किचनमध्ये सहा जण राहतो. गरिबाने काय करायचं ते पण सांगा कधीतरी.


एअरफ्लो_चिंचवड

बरोबर बोललात. एका खोलीत वेगळं ठेवणं जमत नाही हे मान्य, तिथे आजारी माणसाने घरात मास्क लावायचा, निदान पहिले चार दिवस जागा असताना, आणि त्याच्या मास्कने बाकीच्यांना सगळ्यात जास्त फरक पडतो. झोपायची जागा खिडकीजवळ त्याची, डोकं खिडकीकडे, म्हाताऱ्यांची दाराकडे. टेबल फॅन असेल तर खिडकीच्या आत दोन-तीन फुटांवर ठेवून तोंड बाहेरच्या दिशेला करा, आत नाही. उलटं वाटतं पण तोच तुमचा एक्झॉस्ट. दार आणि खिडकी समोरासमोर उघडी ठेवली की पाच-दहा मिनिटांत खोलीतली बरीच हवा बदलते, दर तासाला एकदा तेवढं करा पाऊस असला तरी. फुकट आहे.

मास्कबद्दल: एन९५ वर पुढे झडपेची टिकली असेल तर तो आजारी माणसाला देऊ नका, श्वास तिथनं न गाळता बाहेर येतो. घालणाऱ्याला वाचवतो, समोरच्याला कमी. सहा वर्षांच्या मुलीला साधा थ्री-प्लाय नीट बसला तरी चालेल, झोपताना काढा.


मेडिकलवाले_काका

२००९ ला माझं मेडिकलचं दुकान होतं पेठेत, त्या ऑगस्टची आठवण झाली वाचून. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची शाळकरी मुलगी गेली, स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू, आणि शहर एका दिवसात बदललं. शाळा बंद, कॉलेजं बंद, मल्टिप्लेक्स बंद. नायडू हॉस्पिटलबाहेर लोकांच्या रांगा, आणि तपासणी होणार फक्त एनआयव्हीत, म्हणजे विषाणू संशोधन संस्थेत. सुरवातीला टॅमिफ्लू आम्हा दुकानदारांना विकायला परवानगीच नव्हती, लोक येऊन हातापाया पडायचे, आम्ही काय देणार. मास्क संपले तेव्हा लोकांनी हातरुमाल बांधले. पोरींचं बरं होतं, पुण्यात स्कार्फ आधीपासूनच होता, गाडीवर बसली की दरोडेखोर.

पण त्या वेळी एक गोष्ट सरकारने चांगली केली ती म्हणजे ए-बी-सी वर्गवारी. साधा सर्दी-ताप तो ए, घरी बसा, टेस्ट नाही टॅमिफ्लू नाही. जोखमीचे म्हणजे म्हातारे, लहान मुलं, गरोदर बायका, डायबेटिस-दमा-हार्टवाले ते बी, त्यांना टेस्टची वाट न बघता औषध. धाप, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त पडणं ते सी, लगेच ॲडमिट. ती लावली तेव्हा रांगा कमी झाल्या, कारण नाहीतर घाबरून रांगेत उभा राहिलेला धडधाकट माणूस पुढच्याचं खोकणं घेऊन घरी जायचा. तेव्हाचा तो स्वाइन फ्लूचा विषाणू, एच१एन१, कुठे गेला नाही, आता तोच दरवर्षीच्या साध्या फ्लूत येतो. कदाचित तुमच्या मुलीला झालाय तोच असेल. म्हणून घाबरू नका, पण आजोबांच्या बाबतीत अंगावर काढणे हा प्रकार नको.

आणि त्या वर्षी पण दहीहंडी-गणपती तोंडावरच होते. बऱ्याच मंडळांनी आवरतं घेतलं होतं. बाप्पा रागावला नाही.


गुहागरकर_वाडीतला

मी गावी राहणारा माणूस, मला जरा दुसऱ्या बाजूने बोलू द्या, राग मानू नका. दरवर्षी चाकरमानी येतात, घरं उघडतात, वाडीला जाग येते, आम्हाला पण आनंदच असतो. पण दरवर्षी गौरी-गणपती गेले की मागनं अख्खी वाडी खोकत असते. तुम्ही पाच दिवसांनी परत गेलात की तुमचे डॉक्टर पंधरा मिनिटांवर. इथे मागे राहतात ती म्हातारी माणसं. माझी आय ऐंशीची आहे, तिला रात्री धाप लागली तर पीएचसीत म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात जेवढं होईल तेवढं होतं, पुढे चिपळूण गाठायला तासाच्या वर, पावसात आणखी.

ताईंनी विचार केला म्हणून बरं वाटलं, बाकीचे करत नाहीत. रात्रभर एसी बसमध्ये बंद काचेत पोर खोकत येतं आणि सकाळी उतरून थेट शेजारच्या घरी पाया पडायला.

आणि खरा घोटाळा होतो तो आरतीत. आमच्याकडे माजघरात किंवा ओटीवर वीस-तीस माणसं दाटीवाटीने, बाहेर पाऊस म्हणून दारं ओढलेली, आणि तास-सव्वा तास घसा ताणून आरत्या, टाळ-मृदुंगाच्या वरताण. मग तीच माणसं पुढच्या घरी, तिथनं पुढच्या. रात्री जाखडीचा नाच असला तर वेगळंच. कोण खोकतोय हे त्या आवाजात कळत पण नाही.


रेसिडेंट_ताई

गुहागरकर दादा, तुम्ही अगदी नेमकं बोट ठेवलंत. करोनाच्या वेळची एक अमेरिकेतली घटना आम्हाला शिकवतात. वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० ला एका हौशी गायकवृंदाची चर्चमध्ये अडीच तास तालीम झाली, ६१ जण होते, त्यातले ५३ आजारी पडले, दोघं दगावले. कुणी खोकत नव्हतं, मोठ्याने गात होते एवढंच. तो करोना होता, फ्लू नव्हे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण बोलण्यापेक्षा मोठ्याने गाताना तोंडातून कितीतरी जास्त बारीक कण बाहेर पडतात, बंद खोलीत, लांबलचक वेळ, हे तिन्ही एकत्र आलं की व्हायचं तेच होतं.

आरती खळ्यात म्हणजे अंगणात किंवा उघड्या पडवीत करा, माजघरात पुजेला दोघं-तिघं. ताप-खोकलावाला त्या दिवशी आरतीला नाही, त्याने वाईट वाटून घ्यायचं नाही, इतरांनी त्याला टोकायचं नाही.

लसीचं विचारलं होतं ते राहिलंच. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे या गणपतीला तिचा उपयोग नाही. पण आपल्याकडे फ्लूचे दोन हंगाम, एक पावसाळ्यात आणि दुसरा जानेवारी ते मार्च, तेव्हा आजोबा-आजींना अजूनही द्यायला हरकत नाही, डॉक्टरांना विचारून. खरी वेळ मात्र एप्रिल-मे, पाऊस पडायच्या आधी. दरवर्षी घ्यावी लागते कारण विषाणू बदलत राहतो आणि लसीचा जोर पण ओसरतो. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, लसीची विषाणूशी जुळणी चांगली असलेल्या वर्षी सुद्धा ती साधारण ४० ते ६० टक्के वाचवते, पण झाला तर आयसीयूपर्यंत जायची पाळी कमी येते. सहा महिन्यांच्या पुढे कुणालाही चालते. नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस.

नणंदबाईंना सांगा त्यांच्या गायनॅकला आजच विचारून घ्यायला. गरोदरपणात फ्लू जास्त त्रास देतो, लस कुठल्याही महिन्यात चालते आणि बाळालाही पहिले काही महिने तिचं संरक्षण मिळतं, कारण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लस देताच येत नाही. आपल्या राज्यात सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत गरोदर बायका, डायबेटिस-बीपीवाले यांना ही फुकट देतात, साठा आहे का ते फोन करून विचारायचं.


मेलबर्नची_मावशी

मी पण गणपतीला येतेय मुलांना घेऊन. इथे ऑस्ट्रेलियात आता हिवाळा म्हणजे ऐन फ्लूचा सीझन. आम्ही एप्रिलमध्ये लस घेतलीय, ती भारतात चालेल ना की तिकडे परत घ्यावी लागेल?


रेसिडेंट_ताई

चालेल, परत नको. डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा लसीत विषाणूचे कुठले प्रकार घ्यायचे ते सांगते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपला पावसाळी फ्लू वेळेच्या हिशोबाने दक्षिणेकडच्या बरोबर येतो, म्हणून पावसाळ्याआधी घ्यायला तीच लस योग्य पडते. फक्त विमानात मास्क लावा आणि उतरल्यावर पोरांना लगेच आजीच्या कुशीत सोडू नका, एक-दोन दिवस अंदाज घ्या.


पावसाळी_पुणेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार, आज जरा निवांत झोप लागेल. काल रात्री नवऱ्याने स्टूल घेऊन टॉयलेटचा एक्झॉस्ट उघडला, आतल्या पात्यांवर बोटभर काळं किटण होतं आणि बाहेरच्या झडपेत कबुतराने काड्या भरल्या होत्या, तो इतके दिवस नुसताच घरघरत होता. साफ केल्यावर अगरबत्तीचा धूर दाराखालनं सरळ आत ओढला गेला, लेकीला तेच बघायचं होतं परत परत. सासूबाईंनी पण कड्या पुसायचं सोडून खिडकी उघडली आणि खाली फडकं पसरून ठेवलंय. हात धुणं चालूच आहे.

आता ठरलंय ते असं. बाबा, सासूबाई पहिल्या दिवशी जात नाहीत. बाबा आधी खूप चिडले, मग गुहागरकर दादांचं लिहिलेलं मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांच्या बालमित्राची आई पण तशीच आहे, तेव्हा गप्प झाले. मूर्ती धाकटे दीर बसवतील, बाबा व्हिडिओ कॉलवरून पूजा सांगतील, म्हणजे ओरडतील. नवऱ्याला काही लक्षणं नसली तर तो आदल्या दिवशी गाडी घेऊन एकटा जाईल, एसी बस नाही, कुंभार्ली घाटातनं काचा खाली करून, घरात मास्क लावून. त्याला मधे कुठेही ताप आला तर पाटणवरून परत. लेक चोवीस तास बिनक्रोसिनची राहिली आणि बाबांना काही झालं नाही तर आम्ही सगळे गौरीच्या दिवशी जाऊ, नाहीतर नाही. आरती खळ्यात, ताडपत्री बांधून. नणंदेने स्वतःच सांगितलं की ती यंदा ठाण्यातच थांबते.

एकच शेवटचं, बाबांचा ऑक्सिजन एरवीच ९२-९३ असतो, मग कितीच्या खाली गेला की घाबरायचं? करोनातला ऑक्सिमीटर आहे घरात.


रेसिडेंट_ताई

सीओपीडीच्या पेशंटला ९४ च्या खाली गेला की घाबरा हा सगळ्यांचा नियम लावता येत नाही, त्यांचा नेहमीचा आकडा हाच आधार. आज बरे असताना दिवसातून तीन वेळा पाच मिनिटं शांत बसवून बघा आणि वहीत लिहा, तीच वही छातीच्या डॉक्टरांना दाखवून कितीवर फोन करायचा आणि कितीवर निघायचं हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. साधारण नेहमीपेक्षा तीन-चारने खाली राहिला किंवा आकडा ठीक असूनही धाप वाढली तर वाट बघू नका. बोटं गरम हवीत, आणि मशीनचे सेल आधी बदला, करोनातले असतील तर.


मेडिकलवाले_काका

सेल कदाचित आत पाझरलेला असेल, टोकांना हिरवट-पांढरं दिसलं तर नवीन सेल टाकूनही आकडा धड येणार नाही. कॉटनबड कोरडा फिरवून पुसून घ्या, आणि आधी स्वतःच्या बोटाला लावून बघा ९७-९८ दाखवतोय का.